अंधाराचा तास

पट्टी मलाही मिळाली.

काळ्या कापडाच्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आमच्या वर्गातला एकजण रांगेतून चालला होता आणि प्रत्येकाच्या हातात एकेक देत होता. माझ्या हातावरही एक पडली. मऊ सुती कापड, दोन्ही टोकांना नाड्या. तो पुढं गेला, थबकला, परत आला, माझ्या हातातली पट्टी हळूच काढून घेतली आणि सटकला. शेजारी उभी असलेली रेणुका बिराजदार खुदकन हसली.

"बांधायची होतीस की," ती माझ्या कानाशी म्हणाली. "सगळ्यांसारखा दिसला असतास."

एरवी मीही हसलो असतो. मी जन्मापासून आंधळा आहे आणि आंधळ्यांवरचे विनोद मला डोळसांपेक्षा जास्त येतात. पण त्या सकाळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कानडे मॅडमनी मला एक शब्द दिला होता. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि त्या शब्दाचं पुढं काय झालं, ते मॅडम सांगत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "कार्यक्रम होऊ दे, मग गोड बातमी देते." कोणी गोड बातमी देतो म्हणालं की मला धडकी भरते.

ही लातूरची गोष्ट. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा आमचा वर्ग छोटा होता. रेणुका माझी वर्गमैत्रीण. वर्षभर ती मला पुस्तकं कॅसेटवर वाचून देत होती. मध्येच "थांब, आई हाक मारायलीय" म्हणायची, तेही कॅसेटवर यायचं, आणि मी अभ्यास करताना तिच्या आईची हाक दर वेळी ऐकायचो.

कानडे मॅडम त्याच वर्षी आल्या होत्या. तरुण, हुशार, चप्पल वाजवत झपाझप चालणाऱ्या. खडू-फळा त्यांना मान्य नव्हता. ग्रंथालयशास्त्र इतकं कोरडं शिकवतात म्हणून मुलं पळतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. त्या आम्हाला नाटकं करायला लावायच्या. एकजण चिडलेला वाचक व्हायचा, दुसरा ग्रंथपाल, आणि ग्रंथपालानं न चिडता त्याला नेमकं काय हवंय ते काढून घ्यायचं. एकदा त्यांनी गंजगोलाईच्या बाजारातून पिशवीभर सामान आणलं. कंगवा, हळकुंड, साबण, खोबऱ्याची वाटी, कुलूप, नारळ. सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाल्या, लावा दुकान. नारळावर भांडणं झाली. तो पूजेच्या सामानात, की किराण्यात, की तेलाच्या घाण्याशेजारी.

"व्यंकट, तू सांग," त्या म्हणाल्या होत्या.

"गिऱ्हाईक कोण आहे त्यावर आहे, मॅडम."

त्यांनी टेबलावर थाप मारली. "हेच वर्गीकरण. बाकी सगळे आकडे आहेत."

मला त्या दिवशी रात्री झोप आली नव्हती, इतका आनंद झाला होता. वर्गीकरण मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यावरचा माझा राग म्हणूनच मोठा आहे. ज्यांनी काहीच शिकवलं नाही त्यांच्यावर मी कधी रागावलेलो नाही.

अडचण प्रात्यक्षिकाची होती. त्यात टेबलावर पुस्तकं ठेवतात. एकेक पुस्तक घ्यायचं, ते कशाबद्दल आहे ते ठरवायचं आणि त्या विषयाचा ठरलेला क्रमांक काढायचा. लेखी पेपरांना मला लेखनिक मिळायचा, मी सांगायचो, तो लिहायचा. प्रात्यक्षिकालाही एक वाचणारा मिळावा, एवढंच माझं मागणं होतं. विभागप्रमुख गिरवलकर सर ते ऐकून घेत नव्हते.

"लेखी पेपरला दिला की नाही आपण लेखनिक? दिला," सर म्हणाले होते. सुपारी कातरता कातरता बोलायची त्यांना सवय होती. "पण हे प्रात्यक्षिक आहे बाबा. पुस्तक बघायचं आणि क्रमांक काढायचा. तू बघणार नाहीस. मग बघणार कोण? लेखनिक. म्हणजे वर्गीकरण केलं कोणी? लेखनिकानं. मार्क कोणाला द्यायचे मी?"

"सर, तो फक्त वाचून दाखवेल. क्रमांक मी काढणार."

"तेच ते."

"तेच कसं, सर?"

"वाद घालायचा होता तर वकिली करायचीस. वरून तुझ्यासाठी सूट मागवतो. लेखी पेपरांची सरासरी काढतील आणि प्रात्यक्षिकाचे मार्क देऊन टाकतील. पहिल्या वर्गात येशील. असली सूट मिळावी म्हणून पोरं देव पाण्यात ठेवतात."

"मला सूट नको, सर."

"का?"

का, ते मला चांगलं माहीत होतं. आमच्याच विभागातून आधी एकजण असा सूट घेऊन पास झाला होता. परभणीकडचा, माझ्यासारखाच आंधळा, माझ्याहून हुशार. ग्रंथपालाच्या मुलाखतीला गेला की समोरचे गुणपत्रिका बघायचे आणि विचारायचे, "इथं प्रात्यक्षिकापुढं सूट लिहिलंय. म्हणजे तुम्हाला पुस्तकं लावता येतात की नाही?" तो म्हणायचा, येतात. ते म्हणायचे, बरं, कळवतो. शेवटी एका कचेरीत टेलिफोनवर बसला. मला फोनवर म्हणाला होता, "व्यंकट, नापास हो, पण सूट घेऊ नको. नापासाला लोक विचारतात, पुन्हा कधी बसणार? मला कोणी काही विचारत नाही."

मला ग्रंथपाल व्हायचं होतं. टेलिफोनवर बसायचं नव्हतं. माझ्यासाठी सगळा प्रश्न एवढाच होता. ती परीक्षा दिली तर मी ग्रंथपाल होणार, नाही दिली तर नाही.

म्हणून मी कानडे मॅडमकडे गेलो होतो. नेमका त्याच वेळी त्यांच्या डोक्यात हा कार्यक्रम शिजत होता. आमचा अभ्यासक्रम तपासायला विद्यापीठाकडून समिती येणार होती आणि मॅडमना काहीतरी कोणी न केलेलं करून दाखवायचं होतं.

"अंधाराचा तास," त्या म्हणाल्या. "सगळे डोळ्यांना पट्ट्या बांधतील, समितीसुद्धा. तुझ्या मागं मागं ग्रंथालयात फिरतील. मार्गदर्शक तू. तासभर सगळे तुझ्या जगात राहतील. अपंग वाचकाची सेवा हा धडा आपण पुस्तकातून शिकवतो, हा अनुभवातून शिकवू."

"माझ्या जगात परीक्षा नाही, मॅडम."

मॅडम खुर्ची सरकवून माझ्याजवळ आल्या.

"तुला परीक्षेला बसायचंय ना? वाचणाऱ्यासकट? मी बसवते. शब्द देते. समिती आपल्याच दारात येणार आहे, त्यांच्यापुढंच विषय काढते. तू फक्त कार्यक्रम चांगला कर."

मी हो म्हणालो. मी कार्यक्रम चांगला करायचंही ठरवलं. ग्रंथालयातल्या मांडण्यांच्या गल्ल्या मला पाठ होत्याच, तरी पुन्हा पुन्हा फिरून आलो. कुठं वळायचं, कुठं स्टूल असतं, कुठली खिडकी उघडी राहते. पाहुण्यांना ठेच लागू नये म्हणून.

तर त्या सकाळी सगळ्यांनी पट्ट्या बांधल्या. समितीचे अध्यक्ष लोखंडे सर होते. दुसऱ्या विद्यापीठातून निवृत्त झालेले, वर्गीकरण शिकवण्यात हयात घालवलेले. त्यांनी लिहिलेल्या टिपणांवर आमचे निम्मे पेपर निघायचे. त्यांच्याबरोबर समितीतल्या एक बाई होत्या, आमचे प्राचार्य होते, गिरवलकर सर आणि आमचा वर्ग. डोळे उघडे होते फक्त कानडे मॅडमचे आणि वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरचे.

"पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "मार्गदर्शकानं सांगितल्याशिवाय पट्टी काढायची नाही. हा एकच नियम."

माझ्या खांद्यावर प्राचार्यांचा हात पडला. जड, घामेजलेला. आमची आगगाडी निघाली. मागं हसणं, चिमटे काढणं, "अगं बाई" आणि "हळू हो" सुरू झालं. मी सांगत होतो, डावीकडे वळा, इथं हात लावा, ही इतिहासाची मांडणी, आता पायरी आहे. सांगितलेली पायरी कोणी ऐकली नाही आणि तिथं पाच-सहाजण अडखळले. प्राचार्यांनी एका मांडणीला डोकं आपटून घेतलं आणि कळवळून म्हणाले, "अरे देवा. हे लोक कसे जगत असतील."

‘हे लोक’ त्यांच्या समोरच होते आणि त्यांनी ‘या लोकां’चा खांदा घट्ट धरला होता. मी पुढची मांडणी सांगितली. कॅमेऱ्याचे आवाज चालू होते.

ग्रंथालयाच्या मागच्या भागात मोकळी जागा होती. नवीन आलेली पुस्तकं तिथं एका चाकाच्या गाडीवर पडून असायची, क्रमांक घालायचे राहिलेली. मी सगळ्यांना तिथं आणून थांबवलं. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता शांत उभे राहा. काय वाटतंय ते एका वाक्यात सांगा."

एकजण म्हणाला, फार एकटं वाटलं. एकजण म्हणाला, डोळ्यांची किंमत कळली. समितीतल्या बाई बोलता बोलता रडायलाच लागल्या. म्हणाल्या, घरी जाऊन आधी देवाचे आभार मानणार आहे. मला राग कसा येतो ते सांगतो. कानाच्या पाळ्या गरम होतात आणि हात थंड पडतात. तसंच झालं. माझं जगणं ऐकून एखाद्याला देवाचे आभार मानावेसे वाटतात, आणि ते मला ऐकवायला मीच त्यांना हात धरून तिथवर आणलं होतं.

लोखंडे सर तेवढे म्हणाले, "मला आपली भीती वाटली. दुसरं काही नाही."

मग मॅडमनी घसा खाकरला.

"या तासाचा शेवट मी एका गोड बातमीनं करणार आहे. आपला व्यंकट सुरवसे. अतिशय गुणी विद्यार्थी. त्याच्या अडचणीचा विचार करून विशेष बाब म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेतून त्याला संपूर्ण सूट द्यायचं ठरलं आहे. पत्र कालच आलं. लेखी गुणांच्या सरासरीनं व्यंकट पहिल्या वर्गात येणार. याच्यासाठी गिरवलकर सरांनी आणि मी बरीच धावपळ केली. व्यंकट, हे तुला आम्हा सगळ्यांकडून."

टाळ्या सुरू झाल्या. डोळे बांधलेली माणसं टाळ्या बरोबर वाजवतात, त्यात काही चूक होत नाही. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला असावा, ती मांडणीवर बसली.

मी मॅडमच्या आवाजाच्या दिशेनं वळलो.

"मॅडम, तुम्ही शब्द दिला होता परीक्षेला बसवायचा."

"अरे, ते नाही जमलं. त्याहून चांगलं जमवलंय मी," त्या माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाल्या. "आत्ता नको. नंतर बोलू."

"मी सूट नको म्हणालो होतो."

"व्यंकट, पाहुणे आहेत."

पाहुणे होतेच. म्हणून तर बोलायचं होतं. उद्या पाहुणे नसणार होते, उद्या गिरवलकर सर असणार होते आणि त्यांची सुपारी.

"चला," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या, "आता पट्ट्या काढायला हरकत नाही."

"थांबा," मी म्हणालो. "पट्टी काढायचं मार्गदर्शकानं सांगायचंय. मी अजून सांगितलेलं नाही."

कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. नाड्यांकडे गेलेले हात खाली आले असावेत, कारण कपड्यांची सळसळ थांबली. मी गाडीवर हात घातला आणि हाताला लागलं ते पहिलं पुस्तक उचललं. ते कशाचं होतं मला ठाऊक नव्हतं. लोखंडे सर कुठं उभे आहेत ते त्यांच्या आवाजावरून कळलं होतं. पुस्तक मी त्यांच्या हातात दिलं.

"सर, हे नवीन आलंय, अजून क्रमांक पडलेला नाही. याचा क्रमांक काढून द्या."

"आत्ता?" सर हसले. "अरे, पट्टी आहे ना डोळ्यांवर."

"असू दे. रेणुका, तू तुझी पट्टी काढ. सर जे विचारतील तेवढंच वाच. स्वतःच्या मनाचं काही सांगू नको."

"व्यंकट, हे कार्यक्रमात नाही," गिरवलकर सरांचा आवाज आला.

"राहू द्या हो," लोखंडे सर म्हणाले. वर्गीकरणाच्या माणसाच्या हातात पुस्तक दिलं की त्याला राहवत नाही. त्यांनी पुस्तक चाचपलं, जाडी अजमावली आणि रेणुकाकडे दिलं. "नाव वाच, बाळ."

रेणुकानं नाव वाचलं. नावात मधमाशा होत्या, त्यापलीकडे काही बोध होत नव्हता.

"नावावर जायचं नाही कधी," सर म्हणाले. ते आता शिकवायलाच लागले होते. "अनुक्रमणिका आहे? वाच."

"पेट्यांची निवड. पेट्या ठेवायची जागा. फुलोऱ्याचं वेळापत्रक. मध काढायची यंत्रं. मेण."

"लेखक कोण? काय करतो?"

"मागं लिहिलंय सर. शेतकरी आहेत, पेट्या बनवून विकतात."

"प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद वाच."

तिनं वाचला. सगळे ऐकत होते. आमच्या वर्गातल्या पोरांनी कुजबुजत पैजा लावल्या होत्या.

"झालं तर मग," लोखंडे सर म्हणाले. "कीटकशास्त्रात टाकाल तर फसाल. हा माशी बघत नाही, मध बघतोय. शेतीत जाणार. सहाशे अडतीस पॉइंट एक. बघा कोणीतरी, चुकत असेन तर सांगा."

रेणुका म्हणाली, "बरोबर आहे सर."

"सर," मी विचारलं, "हे वर्गीकरण कोणी केलं?"

"म्हणजे काय? मी केलं."

"तुम्ही पुस्तक बघितलं नाही. बघितलं रेणुकानं. वाचलं रेणुकानं. मग मार्क कोणाला द्यायचे?"

सरांनी रेणुकाकडून पुस्तक परत मागितलं.

"हा प्रश्न माझा नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "गिरवलकर सरांनी मला विचारलेला आहे. मी वाचणारा मागितला तर म्हणाले, वाचणाराच वर्गीकरण करेल. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मला परीक्षेला बसायचंय. मला कोणाची सूट नको आणि टाळ्याही नकोत. वर्षभर मी हेच शिकलोय, आणि ज्या दिवशी शिकलेलं दाखवायचं त्या दिवशी तुम्ही मला घरी बस म्हणता. वर माझा सत्कार करता."

कॅमेऱ्याचा आवाज बंद झाला होता. कोणाचा तरी पाय सरकला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, काय आहे हे?"

लोखंडे सर म्हणाले, "आता पट्ट्या काढायच्या का, मार्गदर्शक?"

"काढा," मी म्हणालो. "तुमच्या निघतात."

त्यानंतर सगळं फार कोरडेपणानं झालं. लोखंडे सरांनी विभागप्रमुखांच्या खोलीत गिरवलकर सरांना विचारलं, नियमात वाचणारा देऊ नये असं कुठं लिहिलंय. सर म्हणाले, द्यावा असंही कुठं लिहिलेलं नाही. लोखंडे सर म्हणाले, मग मी लिहून देतो. ग्रंथालयशास्त्र न शिकलेलं कोणीतरी वाचायला द्या, जादा वेळ द्या, आणि सूट दिल्याचं पत्र परत पाठवा. दार उघडं होतं, त्यामुळे मी आणि रेणुकानं बाहेर बाकावर बसून सगळं ऐकलं. जाताना लोखंडे सर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांना माझा राग आला होता. येणारच. भर सभेत मी त्यांना वापरून घेतलं होतं.

कानडे मॅडमनी मला जिन्यात गाठलं.

"समाधान झालं तुझं?" त्या म्हणाल्या. "इतके महिने मी या तासावर घालवले. सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडलंस."

"मॅडम, मी तुमच्याच पद्धतीनं शिकवलं. अनुभवातून."

"बोलायला तू आधीपासूनच तयार आहेस. मी हे तुझ्यासाठी केलं होतं, व्यंकट."

"माझ्याकडून करून घेतलंत. माझ्यासाठी जे करायचं होतं ते एकच होतं आणि ते तुम्ही केलं नाहीत."

"मी गिरवलकर सरांशी किती भांडले, तुला माहीत तरी आहे? ते ऐकत नाहीत म्हटल्यावर मी निदान तुझं वर्ष वाचवलं. नापास झालास म्हणजे? कधी विचार केलास?"

"नापास झालो तर नापास."

"तुला वाटतं तितकं ते सोपं नसतं," त्या म्हणाल्या आणि चप्पल वाजवत खाली निघून गेल्या.

भांडल्या असतील त्या. खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. पण जिथं भांडणात हरल्या तिथं त्यांनी मला विचारायला हवं होतं. त्या विचारायला आल्या नाहीत, माझ्या वाटणीचा निर्णय स्वतःच घेऊन गोड बातमी सांगायला आल्या. पुढं त्यांनी अंधाराच्या तासावर निबंध वाचला, त्याला कुठल्याशा परिषदेत बक्षीस मिळालं. निबंधात माझा फोटो होता, पुढं मी आणि मागं ती आगगाडी. रेणुकानं मला तो सगळा वाचून दाखवला. मधमाशांचं त्यात काही नव्हतं. आज मी ग्रंथपाल होऊन पुष्कळ वर्षं झाली, माझ्या ग्रंथालयात तो निबंध आहे, मी स्वतः त्याला क्रमांक दिलाय, आणि तरी तो हातात आला की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

परीक्षा ठरल्या दिवशी झाली. वाचायला वाणिज्य शाखेची एक मुलगी दिली होती. स्वच्छ वाचायची. गिरवलकर सर आमच्या टेबलाशेजारीच खुर्ची टाकून बसले होते, मुलगी मला काही खाणाखुणा करते का ते बघायला. आंधळ्याला खाणाखुणा. त्यांची सुपारी कातरल्याचा आवाज माझ्या डोक्यात जात होता. मला त्यांना दाखवायचं होतं. इतकं झरझर काढून दाखवायचं होतं की त्यांचा अडकित्ता थांबला पाहिजे.

मुलगी नाव वाचायची आणि विचारायची, "पुढं वाचू का?"

"नको. कळलं."

"प्रस्तावना आहे मोठी. वाचू?"

"नको म्हटलं ना. पुढचं घे."

सगळ्यांच्या आधी मी उठलो. जादा वेळ वापरलाच नाही. बाहेर आल्यावर रेणुका म्हणाली, "इतक्या लवकर?" मी म्हणालो, "सोपं होतं."

निकालाच्या दिवशी विभागाच्या दारात यादी लावली होती. पोरांची झुंबड उडाली होती. रेणुका धक्के खात पुढं गेली आणि परत आली.

"बोल की," मी म्हणालो.

"लेखीत पहिला आहेस तू."

"आणि प्रात्यक्षिकात?"

"नापास."

"थोडक्यात?"

"नाही रे. चांगलाच."

नंतर कळलं काय काय केलं होतं ते. नदीचं नाव असलेलं एक पुस्तक मी भूगोलात टाकलं होतं, तो कवितासंग्रह होता. सापांवरचं म्हणून प्राण्यांत टाकलेलं पुस्तक विषबाधेवरच्या उपचाराचं निघालं, वैद्यकात जायला हवं होतं. अशी आणखीही. नावावर गेलो होतो. पहिल्या आठवड्यात जे शिकवतात तेच चुकलो होतो, आणि ती पोरगी बिचारी विचारत होती, वाचू का.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. घरी काय सांगायचं, वर्ष गेलं, सूट घेतली असती तर आज पेढे वाटले असते, हे सगळं एकदम आठवलं. तेवढ्यात माझ्या पाठीत गुद्दा बसला. आमच्या वर्गातला गणेश लोहारे होता, वर्षातून मोजून चार वेळा वर्गात बसलेला.

"काय रे सुरवश्या, तू बी? लोखंड्याला शिकवायला निघालता आन् इथं आडवा झालास व्हय. आक्कल हाय का तुला? वाच म्हणायचं की त्या पोरीला."

"गेलं चुकून."

"चुकून म्हणं. मी तर कायच वाचलं न्हवतं, मला हक्क हाय. तुला काय झालतं?" त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. धरायला नाही, नुसता टाकला. "चल, चहा पाज. आता ऑक्टोबरपर्यंत आपलं दोघांचंच."

मला आजवर इतक्या मनापासून कोणी शिव्या घातल्या नव्हत्या. कॉलेजात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे. मी चुकलो तर म्हणायचे, असू दे, असू दे. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी असू दे म्हणालं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते नापास झाल्याचं होतं की कशाचं, मी बघत बसलो नाही.

मागून चप्पल वाजली. गर्दी थोडी बाजूला झाली.

"व्यंकट," कानडे मॅडम म्हणाल्या. त्या रागानं बोलत नव्हत्या, वाईट वाटून बोलत होत्या, आणि तेच मला सहन होईना. "बघितलंस? याच्यासाठीच म्हणत होते मी. सूट घेतली असतीस तर आज पहिल्या वर्गाची पदवी तुझ्या हातात असती."

"मी नापास झालोय, मॅडम."

"तेच म्हणतेय ना मी."

"मग बाकीच्या नापासांना जे सांगता ते मला सांगा."

"काय सांगते मी त्यांना?"

"ऑक्टोबरच्या परीक्षेचे अर्ज कधीपासून मिळतात?"

गणेश माझ्या शेजारी उभाच होता. मॅडमनी उत्तर दिलं, कोणालाही देतात तसं, जरा वैतागून.

"सोमवारपासून. आणि या वेळी प्रस्तावना वाचून घे, मूर्खा."